तोंड धुऊन या

वरची खोली भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाची आपापली अट होती. बाबा म्हणाले, गच्चीवरच्या माझ्या गुलाबाच्या कुंड्यांना हात लावायचा नाही. आई म्हणाली, मुलगीच पाहिजे आणि ती दिवेलागणीला घरात पाहिजे. आत्याला कोणी विचारलंच नाही, म्हणून तिनं आपली अट सगळ्यात मोठ्यानं सांगितली, "ह्या घरात रविवारी मटण शिजते हे तिले आधीच सांगून टाका बाप्पा. मांगून नाक मुरडलं तं मी काई ऐकून घेनार नाई." आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला. उमरेडकडच्या गावाहून दोन दिवसांसाठी म्हणून ती आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरी आली आणि राहिलीच. बाबा तिच्या कडेवर वाढलेले, त्यामुळे घर कोणाचं हा प्रश्नच नव्हता, आम्हीच तिच्याकडे राहत होतो म्हणा ना. भाडेकरू मीच शोधून आणली. माझ्या वर्गात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, नीमा नावाची टांझानियाची मुलगी होती. वसतिगृहाचं जेवण तिला सोसत नव्हतं आणि बाहेर तिला कोणी खोली देत नव्हतं. फोनवर सगळं ठरायचं आणि दारात तिला पाहिलं की खोली अचानक कालच गेलेली असायची. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईनं आधी खिडकीतून गल्लीकडं पाहिलं. आत्यानं विचारलं, "टांझानिया कुठं आलं?" म्हटलं, आफ्रिकेत. "मटण खाते?" म्हटलं, खाते. "मंग बोलाव नं. विचारून काय राहिली?"

ती आली तेव्हा गल्ली अशी थांबली की बापा रे! क्रिकेट खेळणारी पोरं थांबली, भाजीवाल्यानं हातातला तराजू तसाच धरून ठेवला, समोरच्या माडीवर दोन बायका कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. नीमा उंच, खांद्यात रुंद, काळीभोर, डोक्यावर बारीक बारीक वेण्यांचं जाळं. एका पोरानं मागून एक घाणेरडा शब्द फेकला. तो शब्द तिला कळला, कारण तोवर नागपुरात ती तो पुष्कळदा ऐकून बसली होती. मला फार लाज वाटली. आत्या मात्र लाजबिज वाटून घेणाऱ्यांतली नव्हती. ती हातात लाटणं घेऊन फाटकापर्यंत गेली आणि त्या पोराला नावानं हाक मारून म्हणाली, "काहून रे, तुही माय तुले हेच शिकवते का? सांगू का तिले येऊन?" पोरगा पसार. मग तिनं नीमाकडे वळून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि तिच्या हातातली जड बॅग ओढून घेतली. नीमा म्हणायची की नागपुरात बॅग कोणी आपणहून हातात घेतल्याची ती तिची पहिलीच वेळ.

महिनाभरात ती आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसू लागली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घोटून ती घट्ट गोळा करायची, त्याला उगाली म्हणायची, आणि हातानं लचका तोडून पालेभाजीला लावून खायची. आत्यानं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला, "ह्या तं आपल्या कण्याच झाल्या वं! एवढ्या दुरून येऊन पोट्टी कण्याच खाते." दुसऱ्या दिवशी तिनं अंबाडीची भाजी केली, वरून लसणाची फोडणी ओतली, आणि दोघी जणी उगालीसोबत ती भाजी खात बसल्या. मला आणि आईला कोणी विचारेना. थंडीत सांबारवडी झाली, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, की पहिली गरम वडी नीमाची. मराठी ती आत्याकडूनच शिकली, म्हणजे वऱ्हाडीच शिकली. "मले भूक लागून राहिली वं आत्या," असं ती जिन्यावरून ओरडायची तेव्हा बाबा वर्तमानपत्राआड हसायचे. सकाळी आत्याच्या खलबत्त्याचा ठोका, वर नीमाचं गाणं, खाली कुकरची शिट्टी आणि बाहेर भंगारवाल्याची आरोळी, ह्या सगळ्या गदारोळात मी अभ्यास केला आणि पासही झाले. आज माझ्या घरात इतकी शांतता असते की मला काही लिहिणंच सुचत नाही.

इथं माझ्या रंगाविषयी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी काळी. सावळी हा शब्द आमच्या पाहुण्यांनी माझ्यासाठी सोय म्हणून काढला होता. लहानपणापासून माझ्या तोंडाला काय काय नाही चोपडलं! बेसन, साय, हळद, संत्र्याच्या सालीची पूड. संत्र्याचं गाव, साली फुकट, म्हणून ती पूड तर डबाभर असायची. रंग काही हलला नाही, तोंडाला वास मात्र कायम लाडवाचा. आणि सगळ्यांवर शेवटचा हात पावडरचा. आई स्वतः पावडर लावल्याशिवाय दुधाची पिशवी घ्यायलासुद्धा फाटकाशी जात नसे, आणि मी कॉलेजला निघाले की माझ्या गालांवरून तिचा पफ फिरायचाच. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तसं होतं, कॉलेजातली पोरंसुद्धा तोंडाला पावडर थोपटूनच यायची. मान आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतका फरक, पण सगळ्यांचाच तसा असल्यानं कोणाला काही वाटत नसे. नीमानं एकदा मला विचारलं, "तुम्ही सगळ्या पीठ का लावता?" मी म्हटलं, "पीठ नव्हे वं, पावडर." "पण का?" मी पफ ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

आमचं कॉलेज नागपूरबाहेरच्या वाडी गावाच्या पुढं, ट्रकांची गोदामं ओलांडली की. तिथं खोट्या हजेरीचा धंदा जोरात होता. एक पोरगा चार आवाज काढून चौघांची हजेरी लावायचा, आणि ते चौघे बाहेर तर्री पोहे हाणत असायचे. प्राचार्य वैतागले आणि शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला त्यांनी चेहरा पाहून हजेरी लावणारी यंत्रं आणली. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एका दांड्यावर काळी पाटी. समोर उभं राहायचं, चेहरा दिसला की हिरवा दिवा आणि टिंग, नाही दिसला तर लाल दिवा आणि रेड्यासारखं हंबरणं. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि म्हणाले की आजपासून ह्या कॉलेजात खोटेपणा संपला. आमची रांग पुढं सरकली. टिंग, टिंग, टिंग. नीमा उभी राहिली आणि यंत्र हंबरलं. ती मागं सरकली, पुढं झाली, कानातले काढले, हसून पाहिलं. लालच. मागून पोरं ओरडायला लागली, "चल नं बे, लेक्चर निघून जाईल." ऑफिसातल्या माणसानं येऊन सांगितलं, खिडकीजवळ उभं राहा. तिथंही लाल. तो म्हणाला, नवीन आहे, सवय होईल. कोणाला सवय व्हायची, यंत्राला की नीमाला, ते त्यानं सांगितलं नाही.

सवय काही झाली नाही. रोज सकाळी ती माझ्यासोबत वर्गात बसायची, पहिल्या बाकावर, शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि संगणकाच्या लेखी ती कॉलेजात आलेलीच नसायची. सुरुवातीला आम्ही हसलो. मग संक्रांतीच्या आसपास नोटीस लागली, हजेरी कमी असलेल्यांना उन्हाळी परीक्षेला बसता येणार नाही. नीमाचं हसू तिथंच थांबलं. तिच्या सरकारची शिष्यवृत्ती होती, शेवटची परीक्षा दिली नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि पदवीशिवाय परतीचं विमान. तिच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारी ती पहिलीच. ती जिन्याच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "मी आईला काय सांगू? की मी रोज जात होते, पण मी दिसत नव्हते?" मला रडू आलं. तिला आलं नाही, ती नुसती बसून राहिली, आणि तेच मला जास्त लागलं.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, पण यंत्राच्या प्रेमात पडला होता. म्हणाले, "सगळ्या पोरांची हजेरी आता मशीनवरच आहे. एकीला सूट दिली तर उद्या दारात रांग लागेल. आणि हे पाहा, माणूस भेदभाव करतो, मशीन करत नाही. ते काळं-गोरं पाहत नाही." सर, तीच तर तक्रार आहे, काळं पाहतच नाही ते, असं माझ्या जिभेवर आलं होतं. आमच्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक बोरकर मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी माझा हात दाबला म्हणून वाचले. बाहेर आल्यावर मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळेत बसवून समजावलं. यंत्राला चेहरा म्हणजे काय हे जन्मतः कळत नाही, त्याला चेहरे दाखवून दाखवून शिकवावं लागतं. बनवणाऱ्यांनी ज्या रंगाचे चेहरे दाखवले असतील तेवढ्यांनाच ते चेहरा म्हणतं. "एकट्या नीमाचं म्हटलं तर सर म्हणतील की हिचंच काहीतरी चुकतं. इथलेच चेहरे आणा, नागपूरचे. त्यांच्या बाबतीतही मशीन चुकतं असं दाखवलं तर सरांना ऐकावं लागेल. आजपासून हाच तुमचा प्रोजेक्ट." आणि त्यांनी कपाटातलं एक जादा यंत्र स्वतःच्या जबाबदारीवर आम्हाला दिलं, नावं न भरलेलं, समोर चेहरा आहे की नाही एवढंच सांगणारं.

चेहरे आणायचे कुठून? आम्ही हे घरी बोलत होतो आणि आई हळदीकुंकवासाठी इतवारी बाजारातून आणलेल्या चहाच्या गाळण्या पुसत होती. ते त्या वर्षीचं वाण होतं. ती न बघताच म्हणाली, "माझ्या हळदीकुंकवाले अख्खी गल्ली येते. तुमचं ते हंबरणं दाराशी लावा. गाळणी न्यायची तं आधी मशीनले तोंड दाखवायचं." आम्ही दोघी तिच्या गळ्यातच पडलो. नीमाला आईनं आपली वाइन रंगाची साडी नेसवली, हातात गुलाबदाणी दिली, आणि सांगितलं की येणाऱ्या प्रत्येकीवर शिंपडायचं. समोरच्या माडीवरची एक जण अगोदरच कुजबुजून गेली होती, हिला कशाला पुढं ठेवता म्हणून. आई तिला म्हणाली, "माझ्या घरची पोरगी हाय, मी मांगं कुठं ठेवू?"

बायका आल्या. सगळ्यांना कळलं होतं की कॉलेजचं मशीन आलंय आणि त्यात आपला चेहरा जाणार आहे. आता मला सांगा, नागपूरच्या बाईला आधी कळवलं की तुझा चेहरा कुठं तरी जाणार आहे, तर ती कशी येईल? प्रत्येक जण लग्नाला निघाल्यासारखी येत होती. पावडरचे थर, त्यावर आणखी एक थर, एकीनं तर कानाच्या पाळ्यांनाही लावली होती. पुढच्या खोलीत कॉलेजच्या व्हरांड्यात असतो तसाच बेताचा उजेड, आम्ही मुद्दाम तसा ठेवला होता. पहिली बाई उभी राहिली. टिंग. दुसरी. टिंग. तिसरी तर आमच्या गल्लीतली सगळ्यात काळी, मी तिच्याकडून केवढी आशा धरली होती! टिंग. हिरवा दिवा लागला की ती बाई पदर सावरून अशी वळायची की जशी काही परीक्षाच पास झाली. "आलं वं माझं! तुझं आलं का?" खोलीभर हशा, बांगड्या, तिळगूळ, आणि टिंग टिंग टिंग. नीमा प्रत्येकीवर गुलाबपाणी शिंपडत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. यंत्र निर्दोष ठरत होतं. मी स्वतः जाऊन उभी राहिले, मलाही टिंग. नीमा माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे फक्त मीच." मला खरं सांगायचं तर त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपणच आपल्या हातानं तिच्याविरुद्धचा पुरावा गोळा करून राहिलो होतो.

आत्या ह्या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात होती. हळदीकुंकवाच्या दिवशी पुढच्या खोलीत यायचं नाही हे तिनं विधवा झाल्यापासून स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि आईनं कितीदा सांगूनही ती ऐकत नव्हती. ती मागं वड्या तळत होती. पण इतका कल्ला ऐकून तिला राहवेना. झारा हातात तसाच धरून, घामानं निथळत ती दारात आली आणि म्हणाली, "काय तमाशा लावला वं, मलेही पाहू द्या." बायकांनी वाट करून दिली. आत्या यंत्रासमोर उभी राहिली. यंत्र हंबरलं. आत्यानं झारा दुसऱ्या हातात घेतला, एक पाऊल पुढं झाली. पुन्हा हंबरलं. "काहून रे? एवढी मोठी बाई तुह्या पुढ्यात उभी हाय, अन् तुले दिसून नाई राहिली?" सगळ्या हसल्या. नीमा हसली नाही. ती आत्याच्या चेहऱ्याकडं पाहत होती, मग तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, आणि एकदम ओरडली, "पीठ! आत्याला पीठ नाही!"

मी बोटानं माझा गाल पुसून पाहिला. बोट पांढरं. अगं बाई गं! रोज सकाळी टिंग म्हणून यंत्र ज्याला ओळखत होतं तो माझा चेहरा नव्हताच, आईचा पफ होता. मी धावत बाथरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं, तशीच ओली येऊन उभी राहिले. हंबरलं! आयुष्यात नापास झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी टाळ्या पिटायला लागले. मग मी आणि नीमानं मिळून बायकांना सांगितलं की काय झालंय, नीमाची परीक्षा कशी अडकलीय, आणि तुम्ही सगळ्या जणी तोंड धुऊन या, एवढंच पाहिजे.

 इतका वेळ हसणाऱ्या बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. पावडर पुसून चारचौघींत उभं राहायचं हे एक, पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. एक जण चाचरत बोलली, "अवो, तोंड धुतलं तं कुंकूही जाईन नं. आत्ताच लावलं. हळदीकुंकवाले येऊन कुंकू पुसायचं?"  कुंकू पुसणं ह्या दोन शब्दांत आमच्याकडं काय काय भरलेलं असतं ते त्या खोलीत आत्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि ती झारा घेऊन तिथंच उभी होती. तीच म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "पुसायचं कोन म्हनलं? धुवायचं. धुतलं का मंग परत लावू. कुंकवाचा करंडा कुठं पळून चालला का?"

तरी कोणी हलेना. तेव्हा आई उठली. माझ्या आईला मी उभ्या जन्मात पावडरशिवाय परक्यांसमोर पाहिलं नव्हतं. ती अंगणातल्या नळाशी गेली, पदर खोचला, आणि भसाभसा तोंड धुतलं. ओल्या, काळ्या, मोकळ्या चेहऱ्यानं ती आत आली. किती सुंदर दिसत होती माझी आई! हे मी तिला तेव्हा म्हटलं आणि तिनं मला गप बस म्हटलं, पण ती लाजली. यंत्रासमोर ती उभी राहिली, यंत्र हंबरलं, आणि नीमानं तिला मिठी मारली. मग काय विचारता! नळाशी रांग लागली. गार पाणी, किंकाळ्या, एकमेकींच्या अंगावर उडवणं, साड्या भिजल्या, कोणाची टिकली कोणाच्या हाताला. एकेक जण आत यायची आणि यंत्र हंबरलं की आम्ही सगळ्या ओरडायचो, "नाई दिसली वं, नाई दिसली!" गल्लीतल्या पाठककाकू मुळातच गोऱ्यापान, त्यांना धुतल्या तोंडानंही टिंग झालं तर बिचाऱ्या हिरमुसल्या, पुन्हा जाऊन साबण लावून आल्या. पुन्हा टिंगच. आत्या त्यांना म्हणाली, "राहू द्या जी, तुमचा काय दोष त्यात."

परत कुंकू लावायची वेळ आली तेव्हा नळाशी टॉवेल घेऊन आत्याच उभी होती. आईनं करंडा तिथंच ठेवला होता. पहिल्या बाईनं ओलं कपाळ आत्यापुढं केलं आणि आत्यानं हात पुसून तिला कुंकू लावलं. दुसरीनं केलं. निम्म्या बायका झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे काय चाललंय. आईच्याही आलं होतं, तिनं माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली, बोलू नको अशी. पुढच्या बायका आपापलं कपाळ पुढं करत राहिल्या. शेवटी नीमाची पाळी आली. आत्यानं तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत लावलं. नीमाला आमचे रिवाज माहीत नव्हते. तिनं आपलं बोट करंड्यात बुडवलं आणि आत्याच्या कपाळाला टेकवलं. आत्यानं करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "वड्या जळून राहिल्या असतील, सोड मले," आणि आत गेली. त्या रात्री झोपेपर्यंत तिनं ते पुसलं नाही.

नंतर मी आयुष्यभर हेच काम केलं, कोणत्या यंत्राला कोण दिसतं आणि कोण दिसत नाही ते हुडकायचं. मोठमोठ्या सभांमध्ये लोक विचारतात की ह्या संशोधनाकडं आपण कशा वळलात. मी सांगते, आमच्या अंगणात एक नळ होता. ते हसतात, त्यांना वाटतं बाई गमतीशीर आहे.

प्राचार्यांनी आमचे निकाल पाहिले आणि जे व्हायचं तेच झालं. "हळदीकुंकवात कसलं आलंय संशोधन? माझ्यासमोर दाखवा." मी तोंड पाडून घरी आले. आत्या म्हणाली, "तं दाखवू नं. त्याईच्यासमोर दाखवू." शनिवारी गल्लीतल्या एकाचा इतवारीत माल वाहणारा टेम्पो आला आणि त्यात सगळ्या बायका चढल्या, चेहरे स्वच्छ धुतलेले, पावडरचा कण नाही. वाडीच्या ट्रकांमधून वाट काढत तो टेम्पो हसत-ओरडत कॉलेजच्या फाटकात शिरला तेव्हा पोरं वर्ग सोडून गॅलरीत आली. प्राचार्य खाली आले. बोरकर मॅडमनी यंत्र पुढं ठेवलं. एकेक बाई उभी राहत गेली आणि यंत्र हंबरत गेलं. मधेच पाठककाकूंना टिंग झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आई. मग मी. मग नीमा. सरांचा चेहरा हळूहळू बदलत होता. शेवटी आत्या यंत्रासमोर उभी राहिली, तिनं त्या लाल दिव्याकडं पाहिलं आणि सरांना म्हणाली, "साहेब, हे मशीन आमच्या गावात नेलं नं, तं ते म्हणन का गाव रिकामं हाय."

 सर मूळचे काटोलकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, हे मला पुढं कळलं. त्यांनी आत्यासाठी खुर्ची मागवली, सगळ्यांना चहा सांगितला, आणि नीमाला इंग्रजीत म्हणाले, मी तुझं ऐकायला हवं होतं. मागच्या दिवसांची हजेरी तिच्या शिक्षकांच्या शब्दावर धरली गेली, परीक्षेचा रस्ता मोकळा झाला. यंत्रं झाकून ठेवली आणि सोमवारपासून नावं पुकारून हजेरी घ्यायची असं ठरलं.

सोमवारी पहिल्या तासाला सर स्वतः आमच्या वर्गावर आले. नावं वाचू लागले. कोणी येस सर म्हणत होतं, कोणी प्रेझेंट. माझं झालं. नीमा माझ्या शेजारी बाकाची कड घट्ट धरून बसली होती. तिचं नाव आलं. आमच्याकडं हजेरीला कोणी उभं राहत नाही, पण ती उभी राहिली, आत्यानं शिकवलेल्या मराठीत म्हणाली, "हाय सर, मी हाय." सरांनी मान डोलावली आणि पुढच्या नावाकडं वळले. नीमा उभीच होती. सरांनी वर पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "अजून एक डाव म्हना नं."

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि तिचं पूर्ण नाव, आधीपेक्षा मोठ्यानं, सावकाश पुकारलं.